पोर्तुगीज वाइन कशी चाखायची आणि कशाबरोबर प्यायची

लिस्बनला राहायला आल्यापासून घरी येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पाहुण्याला मी एकदा तरी सुपरमार्केटच्या वाइनच्या रांगेत नेलंय आणि दर वेळी तेच होतं, माणूस बाटल्यांकडे बघत उभा राहतो, लेबलवर एकही ओळखीचं नाव सापडत नाही, आणि मग म्हणतो तूच घे बाबा, मला वाइनमधलं काही कळत नाही. हे मला अजिबात पटत नाही. जो माणूस आमटीचा एक भुरका मारून सांगतो की चिंच जरा जास्त झालीय आणि गूळ कमी पडलाय त्याला वाइन कळणारच, कारण बघायचं तेच असतं, आंबट किती, तुरट किती, गोड किती आणि घशात गरम किती लागतंय. एवढे चार शब्द पुरतात. लेबलच्या मागे लिहिलेलं ब्लॅककरंट आणि व्हायलेट आपण कधी हुंगलेलंही नसतं, ते सोडून द्या.

आणि दुसरी गोष्ट, पोर्तुगालची वाइन नुसती पिऊन तिच्याबद्दल मत बनवू नका. ही जेवणातली वाइन आहे. इथल्या साध्या खानावळीत, म्हणजे ताश्कामध्ये, दुपारी जेवायला बसलं की टेबलावर घरच्या वाइनचा जार येतो, पाण्यासारखा सहज, आणि लोक घास, घोट, घास, घोट असंच पितात. नुसती प्यायल्यावर आंबट किंवा तुरट वाटलेली वाइन ताटासमोर एकदम वेगळी लागते, त्यामुळे चाखायचं तेही दोनदा, एकदा नुसती आणि एकदा घासाबरोबर.

आधी नुसती चाखायची पद्धत सांगते. ग्लास वर थोडा निमुळता होणारा असला तर बरं, साधा असला तरी चालेल, पण एक तृतीयांशच भरायचा, कारण वरच्या रिकाम्या जागेत वास साठतो. हळूच गोल फिरवायचा. मग वास. वासाची एक गोष्ट मी इथल्या जूनमधल्या सांतू अंतोनियूच्या सणात शिकले, त्या दिवसांत सगळीकडे मांजरिकूच्या छोट्या कुंड्या विकायला असतात, आपल्या तुळशीची अगदी बारीक पानांची बहीण म्हणा, आणि तिचा वास थेट नाक खुपसून घ्यायचा नाही असा इथला रिवाज आहे, पानांवरून हात फिरवायचा आणि हात हुंगायचा. वाइनचंही तसंच, नाक ग्लासात बुडवून लांब श्वास ओढला की नुसता अल्कोहोलचा झटका बसतो आणि नाक बधिर होतं. ग्लास हनुवटीच्या जवळ आणायचा, दोन-तीन छोटे श्वास, थांबायचं, परत. पहिल्या वेळी काही सापडलं नाही तर दुसऱ्यांदा सापडतं. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटासारखा वास आला तर बुचामुळे बाटली बिघडलेली आहे, ती हॉटेलात बिनधास्त परत करा. जगातलं जवळपास निम्मं बूच याच देशात तयार होतं पण म्हणून इथली प्रत्येक बाटली चांगली निघते असं नाही.

मग घोट घ्यायचा, चमचाभर नाही, तोंडभर फिरेल एवढा, आणि गिळायच्या आधी चार-पाच सेकंद तोंडात खेळवायचा. आता लक्ष द्या. जिभेच्या कडांना पाणी सुटतंय का, कैरी नुसती बघितल्यावर सुटतं तसं? तो आंबटपणा. हिरड्या आणि गालाची आतली बाजू कोरडी पडून ओढल्यासारखी होतेय, जांभळं खाल्ल्यावर होते तशी? तो तुरटपणा, वाइनवाले त्याला टॅनिन म्हणतात, तो द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो म्हणून लाल वाइनमध्ये जास्त. गिळल्यावर घशातून छातीपर्यंत ऊब उतरतेय तो अल्कोहोल. आणि गोडी आहे की नाही हे पहिल्या सेकंदाला कळतं. त्यानंतर फक्त थांबायचं आणि चव किती वेळ राहते ते बघायचं, चांगल्या वाइनची चव घोट गेल्यावरही बराच वेळ तोंडात फिरत राहते. उत्तरेकडच्या दोरू नदीच्या खोऱ्यात, वाइनच्या मळ्यांत फिरायला गेलात तर तिथे थुंकायला भांडं ठेवलेलं असतं ते वापरा, लाजू नका, रस्ते घाटाचे आहेत आणि इथे गाडी चालवताना रक्तात लिटरला ०.५ ग्रॅमची मर्यादा आहे. गाडी ज्याच्या हातात त्याने तर गिळूच नये.

लेबलचं थोडक्यात. पोर्तुगालमध्ये देशी द्राक्षांच्या २५० हून जास्त जाती आहेत, त्या पाठ करायला जाऊ नका, इथल्यांनाही येत नाहीत, आणि बऱ्याच वाइन चार-पाच जाती मिसळूनच करतात. प्रदेश बघा. डीओसी म्हणजे नेमून दिलेल्या प्रदेशाची आणि तिथल्या नियमांची, व्हिन्यू रेजिओनाल म्हणजे नियम थोडे सैल, पण म्हणून हलकी समजू नका. तिंतू म्हणजे लाल, ब्रांकू म्हणजे पांढरी, किंता म्हणजे मळा, रेझर्व्हा म्हणजे त्यातल्या त्यात निवडलेली. बस. पाच-सात युरोतही रोजच्या जेवणासाठी छान बाटली मिळते आणि सुरुवात तिथूनच करावी.

पहिली बाटली व्हिन्यू व्हेर्दची घ्या. शब्दशः हिरवी वाइन, पण रंगाने हिरवी नव्हे, कोवळी, ताजी प्यायची म्हणून तसं म्हणतात. वायव्य कोपऱ्यातला मिन्यू हा सगळा प्रदेश पावसाचा, हिरवागार, त्यामुळे द्राक्षात आंबटपणा भरपूर आणि साखर कमी, म्हणून अल्कोहोलही कमी, बऱ्याच बाटल्या ९ ते ११ टक्क्यांच्या आसपास. जिभेवर किंचित चुरचुर होते, ती आजकाल बहुतेक वेळा बाटली भरताना सोडलेल्या वायूची असते. चांगली थंड करायची, ८-१० डिग्री, आणि शक्यतो वर्ष-दोन वर्षांत संपवायची. मात्र लेबलवर अल्वारिन्यू हे द्राक्षाचं नाव लिहिलं असेल आणि मोन्सांव-मेल्गासूची असेल, म्हणजे स्पेनच्या सीमेला लागून असलेल्या पट्ट्यातली, तर ती वजनदार असते, साडेबारा-तेरा टक्के, आणि काही वर्षं ठेवली तरी खुलते. पहिल्यांदा चाखताना साधी आणि अल्वारिन्यू शेजारी शेजारी ठेवा, एकाच नावाखाली केवढा फरक असू शकतो ते जिभेला तिथेच कळतं.

हिच्याबरोबर काय? सार्दिन्या, म्हणजे आपल्या तारलीच्या जवळचा मासा, कोळशावर भाजलेला. १२ जूनच्या रात्री लिस्बनच्या अल्फामामध्ये गल्लीबोळात शेगड्या लागलेल्या असतात, धुराने डोळे चुरचुरतात, मासा फक्त जाड मीठ लावून जाळीवर टाकलेला असतो आणि तो पावाच्या जाड तुकड्यावर ठेवून हातात देतात, ताटबिट काही नाही. तुम्ही बोटांनी एका बाजूचं मांस सोडवून खायचं, मग उलटा करून दुसरी बाजू, तोपर्यंत माशाची चरबी खालच्या पावात मुरते आणि तो पाव शेवटी खायचा, खरं सांगायचं तर मी त्या पावासाठीच जाते. आता त्या चरबीने तोंड ओशट झालेलं असताना थंड व्हिन्यू व्हेर्दचा घोट घ्या. तळलेल्या माशावर सोलकढीचा घोट जे काम करतो तेच ही करते, ओशटपणा कापते, तोंड लख्ख धुतल्यासारखं होतं आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. पेअरिंग पेअरिंग म्हणतात ते मुळात एवढंच आहे. याच सार्दिन्याबरोबर तुरट लाल वाइन घेऊन बघा एकदा, तोंडात लोखंडाचा चमचा चाटल्यासारखी चव येते, तेलकट मासा आणि टॅनिन यांचं पटत नाही. (मिन्यूमध्ये मात्र व्हिन्यांव द्राक्षाची लाल व्हिन्यू व्हेर्द पण असते, गडद जांभळी, प्रचंड आंबट, पांढऱ्या चिनीमातीच्या वाडग्यातून पितात आणि वाडग्याला रंग चढतो, तिथले लोक ती सार्दिन्याबरोबर आनंदाने घेतात, कारण तिच्यात आंबटपणाच पुढे असतो. पण ती सवयीने आवडते, पहिल्या दिवशी नको.)

तिसऱ्या आवडत असतील तर अमैज्वश आ बुल्यांव पातू मागवा, लसूण, ऑलिव्ह ऑइल, कोथिंबीर आणि वरून लिंबू, कोथिंबीर बघून घरी आल्यासारखं वाटतं. सोबत लिस्बनजवळच्या बुसेलाशची अरिंतू द्राक्षाची पांढरी. लिंबू पिळलेल्या पदार्थाला वाइनही तेवढीच आंबट लागते, पदार्थ जास्त आंबट असेल तर वाइन सपक, पाणचट लागते, हा नियम सगळीकडे चालतो.

आता बाकाल्याव. खारवून सुकवलेला कॉड, फळीसारखा कडक, तो दीड-दोन दिवस पाणी बदलत भिजवावा लागतो. कॉड पोर्तुगालच्या समुद्रात मिळत नाही, उत्तरेकडच्या थंड समुद्रातून येतो, तरी हा देश त्यावरच जगतो म्हणायला हरकत नाही. इथे वाइन निवडताना मासा आहे म्हणून पांढरी असा हिशोब करू नका, तो कसा शिजवलाय ते बघा. आ ब्राश म्हणजे कांदा, अंडं आणि बारीक तळलेल्या बटाट्याच्या काड्यांबरोबर असेल तर दांव प्रदेशातली एंक्रुझादू द्राक्षाची पांढरी घ्या, दांवची जमीन ग्रॅनाइटची, वाइन भरदार असते पण जड नसते. ओव्हनमध्ये भरपूर ऑलिव्ह ऑइल घालून फोडलेल्या बटाट्यांबरोबर भाजलेला, म्हणजे आ लागारैरू असेल तर इथली अनेक घरं सरळ लाल वाइन उघडतात आणि ती छान जाते, फक्त जास्त तुरट नको.

तुरट म्हटलं की बायरादा प्रदेश. तिथलं द्राक्ष बागा, पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ बोराएवढं छोटं फळ. जाड सालीचं, कोवळी वाइन प्यायली तर तोंड अक्षरशः आवळतं, आंबटपण भरपूर, पहिल्या घोटाला माझ्या भावाने तोंड वाकडं करून ग्लास लांब सरकवला होता. आम्ही मेआल्यादाला होतो, त्या गावात हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना लैतांवची हॉटेलं आहेत, लैतांव म्हणजे डुकराचं कोवळं पिल्लू, आतून लसूण, मिरी, मीठ, चरबी यांचा मसाला चोळून लाकडाच्या भट्टीत सळईवर अख्खं भाजतात. ताट आलं, वरची साल पापडासारखी, सुरीने टकटक वाजवता येईल अशी, आणि खाली मऊ मांस आणि पातळ चरबीचा थर. मी त्याला म्हटलं आता सालीसकट एक तुकडा खा, चावत राहा आणि तोंडात चव असतानाच तोच ग्लास परत घे. त्याने घेतला आणि काही न बोलता ग्लास आपल्याकडे ओढून घेतला. झालं काय, टॅनिन तोंडात आलं की ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं म्हणून तोंड कोरडं होतं, पण तोंडात मांस आणि चरबी असेल तर ते तिकडे गुंततं आणि तुरटपणा मऊ होतो, वरून आंबटपणा चरबीला कापतोच. पुस्तकातून हे शिकायची गरज नाही, एका तुकड्यात कळतं. तिथली बरीच मंडळी लैतांवबरोबर बायरादाचीच फेसाळ वाइन घेतात, तीही तितकीच चांगली, पण तुरटपणा म्हणजे काय हे ज्याला एकदाच आणि कायमचं समजून घ्यायचंय त्याने बागाच घ्यावी.

दोरूबद्दल (दुकानात डौरो म्हणालात तरी कळेल) सगळेच बोलतात म्हणून मी कमी बोलते. १७५६ मध्ये पोंबालच्या मार्किशने, म्हणजे राजाच्या मंत्र्याने, या प्रदेशाच्या सीमा आखल्या, पोर्टचा, म्हणजे इथल्या गोड आणि कडक वाइनचा, व्यापार सांभाळण्यासाठी, जगातल्या सगळ्यात जुन्या अशा आखलेल्या प्रदेशांपैकी तो एक. तिथे म्हणतात नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. थर सुटणारा शिस्ट दगड, त्याच्या भेगांतून मुळं खोल पाणी शोधत जातात. तोरीगा नासिओनाल, तोरीगा फ्रांका, तिंता रोरिझ या जातींची गडद, दमदार लाल वाइन. भाजलेलं बकरं किंवा कोकरू, मटणाचा रस्सा, अशा जेवणाला. १६-१८ डिग्रीला प्या, उन्हाळ्यात घरात ठेवलेली बाटली सरळ उघडली तर फक्त अल्कोहोल नाकात जातो, मागे एका चांगल्या हॉटेलात मला ऑगस्टमध्ये कोमट बाटली आणून दिली आणि पूर्ण जेवणाचा विचका झाला, तेव्हापासून मी लाल वाइनसाठीही बर्फाची बादली मागते, दहा-पंधरा मिनिटं पुरतात. फ्रान्सेझिन्यावर मात्र वाइन वाया घालवू नका, पोर्तु शहराचं ते चीज आणि सॉसमध्ये बुडालेलं सँडविच बिअरबरोबरच खावं.

दक्षिणेचं अलेंतेजू उलट, सपाट, तापलेलं, बुचाच्या ओकची झाडं. वाइन पिकलेल्या फळांची, मऊ, नवख्याला पहिल्याच दिवशी आवडणारी. काळ्या डुकराचं मांस तिथली खासियत, त्याच्याबरोबर. पण तिथे गेलात तर ताल्या मागा. ताल्या म्हणजे मातीचा भलामोठा रांजण, रोमन काळापासून तिथे त्यातच वाइन करतात, द्राक्षं चुरडून सालीसकट रांजणात आणि मग ११ नोव्हेंबरला, सांव मार्तिन्यूच्या दिवशी, रांजण उघडायचा. भाजलेली चेस्टनट, पाव, चीज आणि रांजणातली वाइन, थोडी गढूळ, थोडी मातकट, पांढरी असली तरी सालीमुळे किंचित तुरट. मला फार आवडते.

जेवणानंतरचं. पोर्टमध्ये गोडी कुठून येते हे समजलं की ती कशाबरोबर प्यायची ते आपोआप समजतं. दोरूमध्येच द्राक्षं आंबवायला ठेवतात, काही मळ्यांत अजून दगडी हौदात पायाने तुडवतात, आणि दोन-तीन दिवसांत, अर्धी साखर अजून शिल्लक असताना, त्यात ७७ टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात, साधारण चार भागांना एक भाग. यीस्ट मरतं, साखर राहते. म्हणून ती गोड आणि १९ ते २२ टक्क्यांची. छोटा ग्लास, छोटे घोट. रुबी म्हणजे लाल, ताज्या फळाची, चॉकलेटबरोबर. टॉनी म्हणजे लाकडी पिंपात वर्षानुवर्षं राहून तपकिरी झालेली, अक्रोड, खारीक, जळक्या साखरेची चव, लेबलवर १०, २०, ३०, ४० असं लिहिलेलं असतं. सुरुवात १० वर्षांच्या टॉनीने करा, थोडी थंड करून, पश्तेल दे नाताबरोबर, म्हणजे कस्टर्ड भरलेल्या छोट्या टार्टबरोबर. नातावरचे ते करपलेले डाग असतात ना, त्यांची आणि टॉनीची चव एका घराण्याची आहे. खारट चीजवर गोड वाइन हाही प्रकार करून बघा, सेरा दा श्त्रेलाचं मेंढीच्या दुधाचं चीज, वरची साल कापली की आत चमच्याने काढायला लागेल इतकं मऊ. नियम एकच, वाइन गोड पदार्थाहून गोड पाहिजे, नाहीतर पदार्थानंतर ती आंबट-कडू लागते.

उघडलेली बाटली किती टिकते हे लोक विचारत नाहीत आणि मग फसतात. व्हिंटेज पोर्ट, म्हणजे एकाच चांगल्या वर्षाच्या द्राक्षांची, दोन-तीन दिवसांत संपवा, तिच्यात गाळ असतो म्हणून आदल्या दिवशी उभी ठेवून हळूच दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या. रुबी आठवडाभर, टॉनी फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे. आणि मदैरा बेटाची वाइन महिनोनमहिने, कारण ती करतानाच तिला उष्णता आणि हवा दोन्ही दाखवलेली असतात, आणखी बिघडायला काही उरत नाही. (मदैरा म्हणजे पोर्तुगीजमध्ये लाकूड, आपल्या मदिरेशी संबंध नाही.) चार नावं लक्षात ठेवा, सर्सियाल सगळ्यात कोरडी, म्हणजे सगळ्यात कमी गोड, मग व्हर्देल्यू, मग बुआल, आणि माल्वाझिया सगळ्यात गोड. कितीही गोड असली तरी आत आंबटपणाची धार असते म्हणून ती चिकट लागत नाही.

मदैरावरून गोव्यावर येते कारण रस्ता खरोखरच तिथून जातो. मदैरात नाताळाला कार्ने दे व्हिन्या द आल्युश करतात, वाइन आणि लसणात मुरवलेलं डुकराचं मांस, आणि तेच नाव गोव्यात येऊन विंदालू झालं, वाइनच्या जागी व्हिनेगर आलं आणि पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आणलेली मिरची पडली. आता विंदालूबरोबर काय प्यायचं? पोर्तुगीज पदार्थ म्हणून दोरूची दणकट लाल उघडाल तर पस्तावाल. तिखटावर अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही आग वाढवतात. कमी अल्कोहोलची, किंचित गोड, चांगली गार वाइन पाहिजे, लोरैरू द्राक्षाची जराशी गोडसर व्हिन्यू व्हेर्द किंवा रोझे, म्हणजे गुलाबी वाइन. मी घरी विंदालू केला की हेच करते, आणि रेशादो मसाल्याच्या बांगड्यालाही हीच चालते. गोव्यात पोर्ट वाइन म्हणून मिळणारी स्वस्त गोड वाइन ही वेगळी चीज आहे, तिच्यावरून पोर्टचा अंदाज बांधू नका.

चाखायची बैठक घरी करायची असेल तर चार-पाच जण आणि तीनच बाटल्या, त्याहून जास्त झाल्या की जीभ थकते. साधी व्हिन्यू व्हेर्द, मग बागा किंवा दोरू, शेवटी टॉनी, म्हणजे हलकीकडून जडकडे आणि कोरडीकडून गोडकडे. मध्ये साधा पाव आणि पाणी, चिवडा-फरसाण नको, मसाला जिभेवर बसतो. स्वयंपाकघरात फोडणी देऊन झालेली असू दे आणि त्या संध्याकाळी अत्तर, उदबत्ती नको. प्रत्येकाने आंबट, तुरट, गोड, गरम या चार शब्दांपुढे एक ते पाच आकडा लिहायचा, आधी नुसती चाखून, मग घासाबरोबर, आणि तोवर कोणी बोलायचं नाही, कारण एकाने मोठ्याने चेरी म्हटलं की सगळ्यांना चेरीच लागायला लागते. गोडाला बेबिंका मिळाली तर सोनंच, नारळाचं दूध, अंड्याचा बलक, तूप आणि एकेक थर वरून खरपूस भाजलेला, तिच्यासमोर १० वर्षांची टॉनी ठेवा, आणि कोणी बुआल आणली असेल तर टॉनी बाजूला ठेवून आधी ती ओता.